वाटोळा कवडसा

आई, आज वर्गात ग्रहण शिकवलं. दरवर्षी शिकवते आणि दरवर्षी घरी आल्यावर मनातल्या मनात तुझ्याशी बोलत बसते. यंदा लिहायला घेतलं. तुला वाचता येत नव्हतं. मामाचं पत्र आलं की ते फोडून तुला वाचून दाखवायचं काम माझं, आणि ऐकताना तू पदराच्या टोकाला गाठ मारायचीस, सोडायचीस, पुन्हा मारायचीस. तेव्हा हेही शेवटी मलाच वाचायचं आहे, ते मला ठाऊक आहे.

मी काय शिकले आणि आता काय शिकवते, ते तुला कधी धड सांगता आलं नाही. तू शेजारणींना सांगायचीस, "डोळ्यांचं शिकते, पर डाक्टरीण नाय." अगदी बरोबर सांगायचीस. डोळे तपासायचे, नंबर काढायचा, चष्मा द्यायचा, आणि काही वावगं दिसलं तर डॉक्टरकडे धाडायचं, असं हे शिक्षण. पण पहिल्या वर्षी आम्ही मुलांना चष्म्याला हातसुद्धा लावू देत नाही. प्रकाश, भिंगं, डोळ्याची रचना, पेशी, रसायनं, असा सगळा पाया आधी भरून घ्यायचा. मुलं कंटाळतात. चष्म्याचं दुकान टाकायला हे सगळं कशाला, असं त्यांच्या तोंडावर लिहिलेलं असतं. त्यांना मी दोष देत नाही, मलाही तसंच वाटलं होतं. त्या पायातला पहिला दगड एवढाच, की प्रकाश सरळ रेषेत जातो. सरळ जातो म्हणून सावली पडते, आणि सावली पडते म्हणून ग्रहण लागतं. आज एवढं सांगून झाल्यावर मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, "मॅडम, मग गरोदर बाईने ग्रहणात भाजी चिरली तर खरंच काही होत नाही?" वर्ग हसला. "काही होत नाही," असं म्हणून मी फळा पुसायला वळले. पुसण्यासारखं फळ्यावर फारसं काही नव्हतं.

तुझं ते ग्रहण अजून डोळ्यांपुढे आहे. मी शाळकरी, दिवाळीचे दिवस आहेत. वरंधच्या अलीकडचं आपलं घर. बाबा अंधारातच फाट्यावर जाऊन कंपनीच्या बसने पहिल्या पाळीला एमआयडीसीत गेलेत. तुला सातवा महिना. माझ्यानंतर इतक्या वर्षांनी तुला दिवस गेलेत म्हणून आजी तुला तळहातावरच्या फोडासारखी जपते आहे, आणि तुझी सासू असल्यामुळे जपताना टोचूनही बोलते आहे. आज सकाळी ग्रहण. तिने दारं-खिडक्या लावून घेतल्यात, पाण्याच्या हंड्यात तुळशीची पानं टाकलीत आणि तुला माजघरात बसवलंय. निजायचं नाय, खाजवायचं नाय, कापायचं नाय, शिवायचं नाय. राखणीला मी. ती स्वतः ओटीवर माळ ओढत आणि रेडिओ ऐकत बसली आहे.

वरची दोन-तीन कौलं फुटली होती. बाबा ती बदलायचं पावसाआधीपासून म्हणत होते. त्या भोकांतून समोरच्या मातीच्या भिंतीवर रोज वाटोळे कवडसे पडायचे. त्या दिवशी मात्र सगळ्या कवडशांच्या कोरी झाल्या. "बग गो, चांदोबा भितीवर आलाय," तू म्हणालीस आणि उठून एकेका कोरीवर बोट ठेवायला लागलीस. कोर तुझ्या बोटावर यायची, तू बोट हलवलंस की परत भिंतीवर जायची. तू हसत होतीस, पोट धरून, अगदी शाळेतल्या मुलीसारखी. तशी हसताना तू मला पुढे दिसली नाहीस. मग कोरी हळूहळू भरत आल्या. सगळ्यात मोठ्या भोकाचा कवडसा पूर्ण गोल दिसायला लागला. तू त्याकडे बघून म्हणालीस, "वाटोळं झालं बग. सुटलं गिराण." पाळी करून येणाऱ्या माणसाला भूक लागते म्हणून तू विळी ओढलीस आणि शिराळं चिरायला घेतलंस. अर्धं चिरून झालं असेल, तेवढ्यात आजीने दार ढकललं. "अजून सुटलं नाय गो भवाने, रेडू सांगतोय!" तिने विळीकडे पाहिलं, तुझ्या पोटाकडे पाहिलं, आणि शिराळ्याचे तुकडे गोळा करून परसात फेकून दिले.

धाकटी झाली तेव्हा आजीने आधी तिचे ओठ पाहिले, मग कान, मग हातापायांची बोटं. सगळं जागच्या जागी होतं. देवीला नारळ फुटला. ती वर्षाची होत आली तसा तिचा उजवा डोळा नाकाकडे वळायला लागला, तर आजीच म्हणाली, "तिरळी पोर भाग्याची असते." आणि मग एका संध्याकाळी वीज गेली असताना तुला ती चमक दिसली. बाबांची बॅटरी तू कशाला तरी पेटवलीस, तिचा झोत धाकटीच्या तोंडावर गेला आणि वळलेल्या डोळ्याची बाहुली पांढरी चमकली, मांजराच्या डोळ्यासारखी. तू मला हाक मारलीस, आजीला मारलीस. आजीने हात जोडले. "देवीचा डोळा हाय तो." त्यानंतर तुला तो नादच लागला. कुणी शेजारीण आली की तू धाकटीला मांडीवर घ्यायचीस आणि बॅटरी मारून दाखवायचीस. धाकटीलाही तो खेळ कळला होता. बॅटरी पाहिली की ती आपण होऊन तोंड पुढे करायची आणि खिदळायची. तिला नजर लागू नये म्हणून तू तिच्या गालावर एवढी मोठी तीट लावायचीस.

पुढचं लिहायला माझा हात उचलत नाही, पण ते गाळून हे पत्र लिहिण्यात अर्थ नाही. डोळा लाल झाला, सुजला, पुढे आला. महाडच्या डॉक्टरांनी पाहिलं आणि चिठ्ठी देऊन मुंबईला पाठवलं. तू आणि बाबा तिला घेऊन गेलात. तिचा एक डोळा काढून तिला परत आणलंत. पण तोवर आजार डोक्यात शिरला होता. तिसरं वर्ष पुरं व्हायच्या आत ती गेली. शेवटी तिला दुसऱ्या डोळ्यानेही दिसत नव्हतं, आणि ती सारखी विचारायची, "आये, बॅटरी?"

ती गेल्यावर आजीने ओटीवर बसून, येईल त्याला ऐकवलं, "गिराणात इळी घेतली. वाटोळं केलं पोरीचं." तुझाच शब्द तिने तुझ्यावर उलटवला, तिला माहीतही नसताना. त्या दिवसापासून तू विळीला हात लावला नाहीस. पालेभाजी हाताने खुडायचीस, गवार मोडायचीस, वांगं चुलीत भाजून कुस्करायचीस, आणि ज्याला कापल्यावाचून गत्यंतर नाही ते माझ्यापुढे सरकवायचीस. आजी गेली तरी तुझं व्रत सुटलं नाही. माझा तिळपापड व्हायचा. बारावीनंतर डॉक्टरकीला मार्क कमी पडले आणि मी या शिक्षणाला लागले, तेव्हा लोकांना वाटलं, मिळालं ते घेतलं. मला मात्र तुझ्या हातात विळी परत द्यायची होती.

पहिल्याच आठवड्यात सरांनी पुठ्ठ्याला टाचणीने भोक पाडलं आणि दिव्याची उलटी ज्योत पडद्यावर दाखवली. मग म्हणाले, भोक मोठं केलं की चित्र पुसट होतं, त्याच्या कडेचे बारकावे मिटून जातात. मी वही बाजूला ठेवून रडले. शेजारच्या मुलीला वाटलं, मला घरची आठवण आली. ते खोटं नव्हतं. मला आपल्या माजघरातली भिंत दिसत होती. सूर्याचा लचका अजून भरला नव्हता, पण आपल्या कौलाचं भोक मोठं होतं, म्हणून तुला तो कवडसा वाटोळा दिसला. एवढीच तुझी चूक, आणि तीसुद्धा कौलाची.

सुट्टीला आल्या आल्या मी मोसंबं, लिंबू आणि रॉकेलची चिमणी घेऊन तुझ्यापुढे बसले. चिमणी म्हणजे सूर्य, मोसंबं म्हणजे पृथ्वी, लिंबू म्हणजे चंद्र. सावली कशी पडते ते दाखवलं. जो प्रकाश मातीच्या भिंतीतून पार जात नाही तो पोटातल्या पोराला काय करणार, असं अगदी वकिलासारखं विचारलं. नवीन शिकलेल्याचा तोरा होता तो. तू शांतपणे सगळं ऐकलंस. पदराला गाठ मारलीस, सोडलीस. मग विचारलंस, "गिराणानं नाय, तर मंग कशानं गेली गो?" मी म्हणाले, "शोधून सांगते."

फार शोधावं लागलं नाही. त्याच वर्षी, डोळ्याचा पडदा शिकवताना बाईंनी एका बाळाचं चित्र भिंतीवर पाडलं. एक बाहुली लालसर, एक पांढरी. वर्गात कुणीतरी "मांजर" म्हणालं. बाई म्हणाल्या, ही पडद्यावरची गाठ, कॅन्सर. ही चमक बहुतेक वेळा पहिल्यांदा आईला दिसते. तेव्हाच मूल आणलं, वेळेत डोळा काढला, तर मूल जगतं. तुम्ही पुढे दुकानात बसा नाहीतर शिबिरात, एखादी आई म्हणाली की पोराचा डोळा चमकतो, तर तिला हसू नका. हे त्यांनी आणखी एकदा सांगितलं. मी खाली मान घालून बसले होते. तुझ्या डोक्यावरचं ग्रहण मी काढलं होतं, आणि त्याच्या जागी ठेवायला माझ्याकडे आता हे होतं.

पुढच्या सुट्टीला पोलादपूरला मावशीकडे दोन दिवस उगाच थांबले. घरी येऊन पाहते तर तू चुलीपाशी विळीवर बसली होतीस. शिराळं चिरत होतीस. इतक्या वर्षांनी तुझा हात त्या पात्यावर कसा सरसर चालत होता! तुझा चेहरा उजळला होता असं मला वाटलं. माझ्या मनाने तो उजळून घेतला असेल. तू वर न बघता विचारलंस, "सापडलं काय गो?" वाटेत मी वाक्य घोकत आले होते. "जन्मापासूनच गाठ होती, आई. कुणाच्याच हातात काही नव्हतं." अर्धं खरं होतं, आणि त्या अर्ध्यावर मी भागवलं.

तू शिराळ्याची शीर काढलीस. मग म्हणालीस, "ममईच्या डाक्टरनी इचारलेलं. चमक कवापासून दिसते, म्हनून. मी सांगितलं, लय दिस. त्यानं नुसता कपाळाला हात लावलान. तवाच कळलं मला." मी तोंड उघडणार, तर तू ओल्या हाताने मला गप्प केलंस. "पोर गेली तवा सासूबायनी गिराण काडलं. मी म्हटलं, बरं हाय. ते गिराण समद्या गावाचं व्हतं. बॅटरी माज्या एकटीची. तिला नदीत टाकून आले मी." आणि मग, अजिबात रागावून नव्हे, "तू गिराण सोडवलंस गो बाय. आता माज्याकडं तीच उरली."

बाहेर कुणीतरी म्हशीला हाकत चाललं होतं. आपल्या घरात वीज गेली की चिमणीच का लागते, बॅटरी का नाही, याचा मी कधी विचारही केला नव्हता. सेल संपले असतील, असंच धरून चालले होते. तू उरलेलं शिराळं चिरलंस, फोडणीला टाकलंस आणि मला ताट घ्यायला सांगितलंस. आपण जेवलो. त्यावर तू पुन्हा कधी बोलली नाहीस, आणि शेवटच्या तापात जाईपर्यंत स्वयंपाकाची भाजी रोज तूच चिरत राहिलीस. बघणाऱ्याला वाटलं असतं, बाई सावरली. विळी हातात आली म्हणजे बाई मोकळी झाली, असं समजणारी शहाणी मी होते.

ज्या मुलीने आज प्रश्न विचारला ती तास संपल्यावर माझ्याकडे आली. तिची वहिनी सातव्या महिन्यात आहे आणि घरात भांडण चाललंय. "मी घरी जाऊन समजावते त्यांना, मॅडम," ती म्हणाली. तिच्या हातात लिंबू तेवढं नव्हतं. मी तिला म्हटलं, समजाव, पण आधी त्यांचं ऐकून घे. तिला ते काही कळलं नसावं. वयच तसं आहे.

एक गोष्ट तुला सांगायची राहिली, आणि ती वर्गात मी कधीच सांगणार नाही. तुझी नात जन्मली त्या संध्याकाळी मी नर्सला बाहेर पाठवलं आणि बॅटरी पेटवली. झोत आधी एका डोळ्यावर धरला, मग दुसऱ्यावर. दोन्ही बाहुल्या लाल दिसल्या, आई, दोन्ही. पण त्याआधी, ती पोटात असताना, एक ग्रहण आलं होतं. कॉलेजला रजा टाकली, खोलीचे पडदे ओढले, आणि ते सुटल्याचं बातम्यांत सांगितलं, त्यानंतरही बराच वेळ मी सुरीला हात लावला नाही.