काठीचा तोल

प्रिय काव्या,

तळ्याच्या काठी बसून लिहितोय. तुझ्या आईनं रिक्षानं आणून बसवलं आणि ती देवळात गेलीय. अक्षर तिरपं दिसलं तर वाऱ्याला बोल लाव. सिद्धेश्वराचं देऊळ पाण्यात उलटं हलतंय आणि बघता बघता मला डुलकी लागते. डुलकीत कायम संक्रांतीची यात्रा असते. अंगात पांढरी बाराबंदी, कमरेच्या पट्ट्यात नंदीध्वजाची उंच काठी, आणि तिचं टोक आभाळात सावकाश डोलतंय. लहानपणी तू विचारायचीस, अप्पा, तुम्ही काठीला धरता की काठी तुम्हाला?

परवा फोनवर तू रडवेली होतीस. वाढत्या उष्णतेला आळा घालणारे नियम सरकारनं करावेत म्हणून तुमच्या संस्थेनं हायकोर्टात अर्ज केला, तर समोरचे वकील म्हणाले, ऊन सगळ्यांनाच लागतं, यात तुमचं स्वतःचं काय गेलं? तू म्हणालीस, ज्याचं खरंच काही गेलंय असा माणूस पुढच्या तारखेला उभा केला नाही, तर अर्ज फेटाळला जाईल. मी म्हणालो, खरंच की, सोलापूरचं ऊन काय कुणाच्या बापाचं! तू हसली नाहीस. फोन ठेवल्यावर तुझी आई म्हणाली, साकु, पुरे आता, पोरीपासनं किती लपवणार हाय तुमी?

गेल्या मे महिन्यात मला नुसता ताप आला नव्हता गं. दुकानाचा माल आणायला दुधनीला गेलो आणि भर बाजारात कोसळलो. उष्माघात मेंदूपर्यंत गेला, डॉक्टर म्हणाले, तोल सांभाळणारा भाग आता पूर्वीसारखा होणं अवघड. तेव्हापासून भिंत धरून चालतो. दिवाळीत तू आलीस तेव्हा गुडघ्याचं निमित्त करून खुर्चीतून उठलोच नाही. काठी हौसेनं तरुण पोरांना दिली, हेही खोटं. या संक्रांतीला कट्ट्यावर बसून मिरवणूक बघितली आणि रडलो. काठी गेल्यावर मी तुझा अप्पा किती उरलो, याची भीती वाटत होती.

ऊन सगळ्यांचं असेल, काव्या. तोल माझा होता. अर्जात माझं नाव घाल. डॉक्टरांचे कागद आई पाठवतेय आणि तारखेला मी येतो. फक्त न्यायाधीशांसमोर उभा राहीन तेव्हा तुझा हात लागेल. काठीखाली मी कधी कुणाचा हात घेतला नाही, मागायची सवय नाही, म्हणून हे पत्र.

तुझाच,
अप्पा