दोन तीरांची बालवाडी

धरमपेठ, नागपूर
१८ नोव्हेंबर २०२५

प्रिय ऋषिकेश,

बाबांचा मोतीबिंदू नीट निघाला, हे तुला कळवलंच आहे. काळा चष्मा लावून ते गच्चीवर ऊन खात बसतात आणि जावईबापूंची चौकशी करतात. थंडी पडायला लागली. बाजारात संत्री आलीत, पण अजून आंबट आहेत. तू वेळेवर जेवतोस ना?

काल तू मतदानाचा निकाल सांगितलास तेव्हा मी नुसतं "बरं झालं" म्हणून फोन ठेवला. तुला ते विचित्र वाटलं असेल. फोन ठेवून मी स्वयंपाकघरात गेले आणि ओट्याला धरून पोटभर रडले. आपली बालवाडी राहिली. पोलंडची मुलं सकाळी सरहद्दीच्या नदीवरचा पूल ओलांडून आपल्या गावात येणार, जर्मन मुलांच्या शेजारी बसणार, दोन्ही भाषांत भांडणार. काठावर का होईना, गावाने कौल दिला.

बाबा विचारत होते, एवढ्याशा बालवाडीसाठी मतदान काहून? मी सांगितलं, भांडण बालवाडीचं नव्हतंच. पुलावर पोलीस तपासणी तर आधीच सुरू झाली होती. युरोप-बिरोप पुरे, आपलं आपण पाहू, असं म्हणणाऱ्यांना गावातलं काहीतरी बंद करून दाखवायचं होतं. दोन देशांनी मिळून चालवलेलं हाताशी तेवढंच होतं.

आता फोनवर जमलं नसतं ते लिहिते. ऑपरेशनची घाई नव्हती. डॉक्टर जानेवारीतही चालेल म्हणाले होते. घाई मला होती.

मी निघाले त्याच्या आदल्या आठवड्यात लीनाचे वडील तिला न्यायला आले. लीना म्हणजे ती, माझा हात धरल्याशिवाय जेवायला न बसणारी. फाटकाशी, इतर पालकांसमोर, ते अगदी शांतपणे म्हणाले, "निकाल लागला की तुम्हीही जा. आमच्या मुलांना आमची माणसं शिकवतील."

ओरडले असते तर मी उत्तर दिलं असतं. कोणीच काही बोललं नाही. लीना माझ्याकडे बघत होती आणि मी तिच्या कोटाची बटणं लावत राहिले. मग, तिथली नागरिक म्हणून मिळालेलं माझं मत टपालाने देऊन टाकलं आणि विमानात बसले. तुला सांगितलं असतं तर तू तडक त्यांच्या दारात गेला असतास. आणि खरं सांगू? परतायचं नाही, असं मी जवळजवळ ठरवलंच होतं.

काल हे सगळं बाबांना सांगितलं. हिंगण्याकडच्या गावांमधून त्यांनी जन्मभर निवडणुकीची ड्युटी केली, तुला माहीत आहे. त्यांनी समजूत घातली नाही. म्हणाले, "हरलेले लोक कुठी जातीन वं? तेही तिथंच राहून राहिले न. निकाल लागला म्हणजे काम संपलं नाही. आता त्यांच्यासंगच राहा लागते. तू इथं बसून कशी राहशील?"

मला राग आला. रागातच जेवले.

आज अग्नेष्काचा फोन आला, माझ्याबरोबर वर्ग घेणारी पोलिश बाई. म्हणाली, मतदानानंतर लीना येणार नाही असं सगळ्यांना वाटत होतं. पण वडील तिला घेऊन आले. कोणाकडे पाहिलं नाही, बोलले नाहीत, तिला आत सोडून निघून गेले. अग्नेष्का पुढे म्हणाली, "त्या दिवशी फाटकाशी मी गप्प उभी राहिले. पुन्हा राहणार नाही." ऋषी, इतके दिवस छातीवर धोंडा होता, तो तिथेच उतरला. संध्याकाळी बाबांबरोबर धरमपेठच्या बाजारात गेले आणि कितीतरी दिवसांनी उगाचच हसत फिरले.

शनिवारचं तिकीट काढलंय. भीती गेली असं नाही. लीनाच्या वडिलांना मी रोज सकाळी नमस्कार करणार आहे, त्यांनी केला नाही तरी. पहिल्या दिवशी तू फाटकापर्यंत ये. आत मी एकटी जाईन.

तुझी, आणि त्या गावचीही,
नूपुर