मेंढपाळाचा पाय, बेटावरची शेड

३ फेब्रुवारी, सोमवार

हिचा उजवा हात मोडला. मनगटात. माळ्यावरची बरणी काढताना स्टुलावरून पडली. स्टूल डगमगतं हे ती मला वर्षभर सांगत होती. माहीत होतं तर चढली कशाला? विचारलं. उत्तर नाही. तर्कापुढे माणसं गप्प होतात.

दीड महिना प्लास्टर. म्हणजे दीड महिना स्वयंपाकघर माझ्या ताब्यात. हिला काळजी वाटते. मला नाही. रंगाच्या कंपनीत शेड-मॅचिंगचा हेड आहे मी. लोक भिंतीचा पोपडा पाकिटात घालून आणतात, मी थेंबाथेंबानं तोच रंग डब्यात उतरवून देतो. पिवळ्यात काळ्याचा अर्धा थेंब पडला तर ज्याला कळतो, त्याला मीठ किती घालायचं ते कळणार नाही? हिचं सगळं अंदाजपंचे दाहोदरसे. चिमूटभर म्हणजे किती, तर म्हणे चिमटीत मावेल एवढं. कुणाच्या चिमटीत?

संकल्प: स्वयंपाकघराला शिस्त लावणे. स्टूल दुरुस्त करणे.

५ फेब्रुवारी

अंडी, टोस्ट, सूप. सूप पाकिटातलं, पण ढवळलं मी. ही म्हणाली गुठळ्या आहेत. डाव्या हातानं जेवणाऱ्या माणसानं टेक्श्चरवर बोलू नये.

सगळ्या बरण्या रंगानुसार लावल्या. फिक्याकडून गडदकडे. शोरूम झालंय अगदी. चहा मात्र खारट झाला. साखर आणि मीठ एकाच शेडची, म्हणून शेजारी. यात माझा दोष नाही, मिठाचा आहे.

स्टूल: वेळ मिळाला नाही.

८ फेब्रुवारी, शनिवार

लेक आली होती. पुढच्या रविवारी दुपारी मुलगा आणि त्याची आई जेवायला येणार. मुलगा म्हणजे लेकीनं पसंत केलेला. आई म्हणजे होणाऱ्या विहीणबाई. पहिलीच भेट. बाईंचं बालपण कॅरिबियनमधल्या एका बेटावर गेलं, वडील तिथल्या बंदरावर इंजिनिअर होते. बोलतात आपल्यासारखंच, फक्त 'र' जरा गोल फिरवतात म्हणे.

लेक म्हणाली, जेवण बाहेरून मागवू. ही म्हणाली, हो. दोघींनी एकमेकींकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हणजे आधीच ठरलेलं. कट आहे हा.

मी जाहीर करून टाकलं. शेफर्ड्स पाय करणार, कॅरिबियन पद्धतीचा. मुलाला शेफर्ड्स पाय आवडतो, आईला बेट. एका दगडात दोन पक्षी. खाली खिमा, वर कुस्करलेल्या बटाट्याचा थर, मग ओव्हन. बटाट्याच्या जागी रताळं, खिम्यात नारळाचं दूध, थाइमचा सुका पाला, आणि टोपीसारखी दिसणारी ती बेटावरची सुरकुतलेली मिरची. व्हिडिओ पाहिलाय. अर्धा. पुढचं उघडच होतं.

ही म्हणाली, "कुणाचा पाय?"

मी सांगितलं, मेंढपाळाचा.

तर म्हणाली, मग तो चालणार कसा. विनोदाला वेळ असते, वयही असतं. हिला दोन्ही कळत नाही.

लेक जाताना दारात "बाबा, प्लीज" एवढंच म्हणाली. पुढचं सुचलं नसावं. भारावली होती.

१० फेब्रुवारी, ऑफिसात

लॅबमध्ये माझा असिस्टंट आहे, त्याला सगळे थिनर म्हणतात, कारण कशातही पाणी घालतो. त्याला बेत सांगितला. म्हणाला, सर, आधी छोटं सॅम्पल कराल ना, आपण रंगाचं करतो तसं? म्हटलं, ज्यांना शंका असते ते सॅम्पल करतात. तो मान डोलवून डबे पुसायला गेला. असली माणसं आयुष्यभर डबेच पुसतात.

आज माझा एक डबा परत आला. ग्राहक म्हणतो क्रीम मागितला होता, भिंत हिरवी झाली. त्याच्या घरातला उजेड चुकीचा आहे.

१२ फेब्रुवारी

खाटकाकडे गेलो. स्पष्ट सांगितलं, शेफर्ड्स पायसाठी द्या. त्यानं पाय दिले. खुरांसकट. मी पुडकं उघडून पाहिलं नाही, कारण मी माणसांवर विश्वास ठेवतो. ही चूक पुन्हा करणार नाही.

पुडकं हिनं उघडलं, डाव्या हातानं. बराच वेळ आत बघत बसली. मग म्हणाली, हे काही मेंढपाळाचे वाटत नाहीत.

स्टॉकसाठी, म्हणजे हाडांच्या रश्शासाठी मुद्दाम आणलेत, असं सांगितलं. आता सांगितलं म्हटल्यावर स्टॉक करणं आलं. संध्याकाळभर उकळत होता. खालच्या मजल्यावरचे वर येऊन विचारून गेले, काही जळतंय का. या इमारतीत स्टॉक काय असतो ते एकालाही ठाऊक नाही.

१३ फेब्रुवारी

सॅम्पल नव्हे. रंगीत तालीम.

रताळी उकडली, कुस्करली, नारळाच्या दुधाचा डबा ओतला. अख्खा. व्हिडिओतल्या माणसानं किती ओतला ते त्याच्या कोपराआड गेलं होतं. मिश्रण इमल्शनसारखं झालं, सेकंड कोटला उत्तम. खिम्यावर पसरलं तर खाली गेलं. वर खिमा, तळाला रताळं. पाया आणि छप्पर यांची अदलाबदल. तरी ओव्हनच्या काचेला शेड कार्ड लावून बघत राहिलो. 'मधाळ सोनेरी' हवा होता. 'ओली वीट' आला.

हिनं पावाबरोबर खाल्लं. पाव जास्त. कसं झालंय विचारलं, तर म्हणाली, निराळं आहे. हिच्या तोंडून एवढी स्तुती मी कधी ऐकली नव्हती.

१५ फेब्रुवारी, शनिवार

आज जे झालं ते थोडक्यात लिहितो, कारण त्याला फार महत्त्व द्यायचं कारण नाही.

दुपारी मिरच्या चिरल्या. दिसायला गोड, पिवळ्या-नारिंगी, माझ्या कार्डावर नसलेली शेड. बिया काढल्या हातानंच. हातमोजे घालायचे असतात म्हणे. ते व्हिडिओच्या उरलेल्या अर्ध्यात असावं. मला काहीही झालं नाही. इतकी वर्षं रंगाच्या थिनरमध्ये हात घालून माझी बोटं पक्की झाली आहेत.

तेवढ्यात ही आली. प्लास्टरच्या आत खाज सुटली होती. विणायची सुई सापडत नव्हती, मी बरण्यांसारखाच तिचा विणकामाचा डबाही लावला होता. जरा बोट घालून खाजवा हो, म्हणाली. इतक्या दिवसांत हिनं माझ्याकडे मागितलेली ही एकच गोष्ट. मी प्रेमानं बोट आत घातलं. शक्य तितकं खोल.

प्लास्टर हॉस्पिटलात कापावं लागलं. डॉक्टर पोरगेलासा होता. त्यानं तीनदा विचारलं, मिरची? आत कशी गेली? मी सांगितलं, तुमचं प्लास्टर सैल होतं. त्यानं मला बाहेर बसायला सांगितलं. आतून हिचा आवाज येत होता. हिला एवढ्या जोरात बोलता येतं हे माहीत नव्हतं.

नवीन प्लास्टर. मुदत वाढली. परत येताना ही टॅक्सीत खिडकीबाहेर बघत होती. मी दोनदा विषय काढला. रताळ्याचा.

हिची कातडीच नाजूक.

१६ फेब्रुवारी, रविवार, सकाळी

उत्तम झोप. आत्मविश्वास पूर्ण. थिनरला हा दिवस पाहायला मिळायला हवा होता.

लेक सकाळीच आली, आईचं नवं प्लास्टर बघून तिच्याजवळ बसली. अजून फोन करून मागवता येईल, म्हणाली. मी एप्रन बांधला. काही उत्तरं कृतीनं द्यायची असतात.

व्हिडिओत एक मिरची होती. आम्ही पाच जण. हिशेब सोपा आहे.

त्याच दिवशी, संध्याकाळी

झालं जेवण. नोंद नि:पक्षपातीपणे करतो.

पाहुणे आले तेव्हा घरात थोडा धूर होता. ओव्हनची वरची कॉइल चालते, खालची बंद आहे, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. ही म्हणते सांगितलं होतं, दिवाळखोर कंपनीचा ओव्हन घेतला त्या दिवसापासून सांगत आले. असेल. हिचं सगळंच ऐकत बसलो तर माणसानं काम कधी करायचं? तर रताळं वरून काळं, मध्ये नारिंगी, आतला खिमा गार. शेडच्या दृष्टीनं पाहिलं तर सूर्यास्त.

विहीणबाई ठेंगण्या, हसऱ्या. त्यांनी पहिला घास घेतला. डोळ्यांत पाणी आलं. बालपण आठवलं असावं. मग पाणी प्यायल्या, मग मुलाचंही पाणी प्यायल्या. जरा वेळानं म्हणाल्या, आमच्याकडे ही मिरची अख्खीच रश्शात सोडायचे आणि न फोडता काढून घ्यायचे. मी म्हटलं, प्रत्येक घराची पद्धत वेगळी. मुलगा टेबलाखाली चमचा शोधायला वाकला तो बराच वेळ वर आला नाही.

मग बाईंनी हिला विचारलं, हात कसा मोडला? आणि ही बोलायला लागली. स्टूल सांगितलं. बरण्या सांगितल्या. पाय सांगितले, खुरांसकट. आणि शेवटी बोट. कालपासून माझ्याशी एक शब्द न बोललेली बाई, परक्या माणसासमोर नकला करून दाखवत होती. माझ्या. डॉक्टर "मिरची?" कसं म्हणाला, तेही. विहीणबाई हसता हसता हिच्या खांद्यावर डोकं टेकून राहिल्या. लेक हसत होती. तो होणारा जावई, ज्यानं निदान मर्यादा पाळायला हवी होती, तोही.

मग दोघी आत गेल्या आणि स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं. एक उजवा हात बाईंचा, एक डावा हिचा. अंडी फोडल्याचा आवाज आला. मी दारावर टकटक केली. आतून हिनं सांगितलं, काही नको, तुम्ही बसा.

बसलो. मीठ कुठं आहे ते त्यांना सापडणार नाही, याची मला खात्री होती. सापडलं.

सगळ्यांनी ऑम्लेट खाल्लं. मीही, सौजन्य म्हणून.

१९ फेब्रुवारी

लग्न पक्कं. विहीणबाईंनी स्वत: कळवलं. इतकं मोकळं घर पाहिलं नव्हतं, म्हणाल्या. थिनरला सांगितलं, पायमुळे लग्न जमलं. त्यानं अभिनंदन केलं, पण त्यातही पाणी घातलेलं होतं.

उरलेला ट्रे फ्रीजमध्ये आहे. कुणी हात लावत नाही. जपून ठेवलाय बहुधा.

२९ मार्च, शनिवार

हिचं प्लास्टर निघालं. आज व्यायामासाठी गेली होती, मी घरी एकटा. विहीणबाईंचा फोन आला. मला वाटलंच होतं, कधी ना कधी रेसिपी मागणार. कागदपेन घेऊन बसलो.

रेसिपी नको होती. म्हणाल्या, येत्या रविवारी तुम्ही सगळे आमच्याकडे. मी स्वयंपाक करणार आहे, तुमच्या बायकोच्या आवडीचं काहीतरी. तिला विचारलं तर ती काहीही चालेल म्हणते. "तुम्ही सांगा, तिला खायला काय आवडतं?"

मी म्हटलं, सगळं खाते.

म्हणाल्या, खाते ते मीही पाहिलं. आवडतं काय?

सोपा प्रश्न आहे. मी विचार केला. आमच्या घरी काय होतं, तर मला आवडतं ते. लेक घरी होती तेव्हा लेकीला आवडतं ते. ही शेवटी बसते. पातेल्यात जे असेल ते. ते तिला आवडतं की उरतं म्हणून खाते, हे कधी नोंदवलेलं नाही. सांगितलं, जरा आठवून कळवतो. बाईंनी बरं म्हणून फोन ठेवला. बायकांना घाई फार.

लेकीला फोन केला. उचलला नाही.

संध्याकाळी ही कपड्यांच्या घड्या घालत होती. सहज विचारतोय असं दाखवत विचारलं, तुला खायला काय आवडतं?

तिचे हात थांबले. माझ्याकडे बघत राहिली. मग उठून जवळ आली, आणि नुकता सुटलेला तो उजवा हात माझ्या कपाळावर ठेवला. हात बारीक झालाय, गार लागला. थोडा वेळ तसाच ठेवला.

"ताप तर नाही," म्हणाली, आणि पुन्हा घड्या घालायला बसली.