मीटरवर बारा, पर बल्ब पेटंना

४ नोव्हें., मंगळ.
गारगोटीच्या अण्णांची गाडी मामाच्या गॅरेजला परत आली. इंजिनचा पिवळा दिवा जाईना. सायलेन्सरच्या पाइपात धूर तपासायचा सेन्सर असतोय, त्याच्या आतला हीटर तापत न्हाय असं स्कॅनर सांगतोय. अण्णांनी गावात नवीन सेन्सर घालून घेतला, तरी तेच.
अण्णा मामाला म्हणाले, "दत्तू, तुझ्याकडं क्लच केला, आन् आठ दिवसात ह्यो दिवा लागला."
मामा म्हणाला, "क्लचचा आन् ह्याचा काय संबंध, अण्णा." पर मग गाडी ठिवून घेतली.
क्लचच्या वेळी गाडीखाली मीबी हुते.

५, बुध.
मामानं मीटर माझ्या हातात दिला. जुना सेन्सर अण्णांनी डिकीत ठेवलाता. त्याचा हीटर मोजला, बरोबर. म्हंजे चांगलाच काढून टाकलाय. मग चावी लावून गाडीकडनं येणाऱ्या सॉकेटवर मोजलं.
"बारा व्होल्ट हाय मामा." दिवसभरात एवढंच बोलले असंन.
"मग करंट येतोय म्हणायचं," मामा म्हणाला. तोंड मात्र वाकडं. पटलं न्हाय त्याला.
शाळेत असते तर उत्तर जुळलं, वही बंद.

६, गुरु.
आज जे बघितलं ते वर्गात कुणी दाखवलं असतं तर नववीनंतरबी गेले असते.
मामानं इंडिकेटरचा बल्ब घेतला. एक वायर सॉकेटात, एक बॉडीला. बल्ब पेटंना. आतली तार नुसती लालसर, उदबत्तीगत. बल्ब काढला, मीटर लावला, तर पूर्ण बारा. परत बल्ब लावून मोजलं, दोनबी न्हाय.
मी बघतच बसले.
"निशे, नळाला पाणी हाय, एवढंच मीटर सांगतोय. बादली भरंल का ते बल्ब सांगतोय."
म्हंजे वायर कुठंतरी जवळजवळ तुटलीया. एखाद्या तारंवर लोंबकळतीया. गावातल्या मेस्त्रीनं मीटर बघून वायर चांगली धरली, आन् सेन्सरच बदलला. मीबी त्यातलीच.

७, शुक्र.
मामा वायर चिमटीत धरून डोळं मिटून सरकत गेला. टॉर्च न्हाय, काय न्हाय. गिअरबॉक्सपाशी थांबला. "हितं कडक लागतीया."
खरंच. गरम पाइपाला टेकून भाजलेली. आत एकच तार, तीबी जेमतेम टेकलेली.
वायर पाइपापासनं लांब धरायला तिथं क्लिप असती. क्लिप रिकामी. क्लचच्या वेळी वायरी सोडायचं आन् परत बसवायचं काम माझं हुतं.
मामानं लगेच फोन लावला. "अण्णा, चूक आमचीच हाय. वायर क्लिपात बसवायची माझ्याकडनं ऱ्हायली."
मी पाना पुसत ऱ्हायले. पुसलेलाच परत पुसला.

८, शनि.
चहाच्या वेळी सांगितलं. "मामा, ती वायर मी बसवली न्हाय."
मामानं फुर्र करून चहा पिला. "बरं. मला सांगून काय हुतंय? गाडी माझी हाय व्हय?"
"तुम्ही अण्णांना सांगितलं की."
"मी माझं सांगितलं. तू बसवल्यावर बघायचं काम माझं हुतं, ते ऱ्हायलं. तुझं तू सांग."
शिव्या दिल्या असत्या तर सोपं गेलं असतं.
मग वायर जोडायचं सोल्डर माझ्याच हातात. "ओढून बघ." दोनदा सुटलं. तिसऱ्यांदा धरलं. वर स्लीव्हची नळी घातली, वायर क्लिपात बसवली. बल्ब लावला तर डोळं दिपलं.
मामानं बल्ब लगेच काढला न्हाय. बघत ऱ्हायला जरा वेळ.

१०, सोम.
दोन दिवस सकाळी गार गाडी चालू केली. दिवा न्हाय. मामा म्हणतोय, रस्त्यावर दोन-तीन दिवस पळल्याबिगर खरं न्हाय.
अण्णा उद्या येणार. काय बोलायचं ते गाडी उचलायच्या जॅकसमोर बोलून बघितलं. जॅकला पटलं.

११, मंगळ.
अण्णा आले. मामानं चावी त्यांना न देता माझ्या हातात दिली. "काय झालतं ते निशा सांगंल." आन् दुसऱ्या गाडीखाली गेला.
सांगितलं. बुटाकडं बघून, पर सगळं. क्लिप, वायर, जुना सेन्सर चांगला हुता तेबी.
अण्णांनी मग खिशातनं फोन काढला. "तुझा नंबर दे. दिवा परत लागला तर दत्तूला न्हाय, तुला फोन करीन."
गारगोटी दीड तास. गाडी जाऊन दोन तास झालं. फोन टूलबॉक्सवर ठेवलाय, आवाज मोठा करून. मामा तिकडं बघतबी न्हाय.