प्रथम श्रेणीचा फेरफार

प्रति,
मा. संचालक,
परीक्षा व मूल्यमापन मंडळ (विधी शाखा),
विद्यापीठ कार्यालय.

अर्जदार : परमेश्वर मल्हारी पांढरे, मु. पो. टेंभुर्णी, ता. जाफराबाद, जि. जालना.

विषय : अर्जदारास मिळालेली प्रथम श्रेणी पत्नीच्या नावे फेरफार करून देणेबाबत.

संदर्भ : १) एल.एल.बी. अंतिम निकाल, जुलै २०२५.
२) खिडकी क्र. ४ येथे अर्जदाराने मारलेल्या तीन चकरा.

महोदय,

उपरोक्त विषयी अर्जदार सविनय सादर करतो की,

१. अर्जदार गेली सोळा वर्षे जाफराबाद तहसील कार्यालयाबाहेर टेबल टाकून लोकांचे अर्ज लिहून देतो. वारसाचे, बांधाचे, रेशनकार्डाचे, विहिरीचे असे हजारो अर्ज त्याच्या हातून गेले असून इतरांच्या वतीने गयावया करण्यात त्याचा हातखंडा आहे. स्वतःसाठी लिहिलेला हा त्याचा पहिलाच अर्ज असल्याने काही ठिकाणी भाषा घसरल्यास माफी असावी.

२. टेबल सोडून काळ्या कोटात आत जावे, या हौसेने अर्जदाराने २०२२ साली विधी महाविद्यालयात प्रवेश घेतला. पुस्तक उघडले की अर्जदारास झोप येते. ते मोठ्याने वाचून दाखवायला कुणीतरी हवे म्हणून पत्नी सौ. प्रेमला (बी.ए.) हिचाही फॉर्म भरला. म्हणजे नोंदणी विद्यार्थिनी म्हणून झाली असली, तरी अर्जदाराच्या मनात ती केवळ सोय होती, हे तो आज लाजेने कबूल करतो. तीन वर्षे तिने चुलीपुढे, शेतात आणि जालन्याला जाणाऱ्या जीपमध्ये अर्जदारास कायदा शिकवला.

३. निकालाची वस्तुस्थिती अशी. तीस पेपर, एकूण गुण तीन हजार. पत्नीस २०४६, श्रेणी : केवळ 'उत्तीर्ण'. अर्जदारास १७९३, श्रेणी : 'प्रथम'. प्रथम श्रेणीस अठराशे लागतात, परंतु सर्व पेपर पहिल्याच प्रयत्नात सुटलेल्या विद्यार्थ्यास श्रेणीसाठी दहापर्यंत वाढीव गुण देण्याचा आपला नियम आहे. त्यानुसार अर्जदारास सात गुण बहाल झाले. उलटपक्षी, एक जरी पेपर दुसऱ्या प्रयत्नात सुटला तर गुण कितीही असोत, श्रेणी मिळत नाही. आणि गैरहजेरी हाही प्रयत्नच धरला जातो. पत्नी चौथ्या सत्रात पुराव्याच्या कायद्याच्या पेपरला गैरहजर होती. पुढच्या परीक्षेत तिने तो ७८ गुणांनी सोडवला.

४. अर्जदाराने अन्य विद्यापीठांचे नियमही मिळवून वाचले. कुठे सगळ्या सत्रांची सरळ बेरीज धरतात, कुठे शेवटच्या वर्षाला जास्त वजन देतात, तर कुठे फक्त शेवटच्या वर्षाचे गुण धरतात. अर्जदाराने दोघांचे गुण या तिन्ही पद्धतींत घालून पाहिले. प्रत्येक वेळी पत्नीस प्रथम श्रेणी आणि अर्जदारास द्वितीय आली. एका पद्धतीत तर त्याची द्वितीय श्रेणीही जेमतेम वाचली. तो प्रथम येतो असा नियम फक्त आपल्याकडे सापडल्याने आपले आभार मानावेत की तक्रार करावी, हे त्याला ठरवता आलेले नाही.

५. अर्जदाराचे वडील मल्हारी पांढरे शाळेत गेलेले नाहीत, परंतु जन्मभर मेंढरे मोजल्याने आकड्यांत फसत नाहीत. त्यांनी दोन्ही गुणपत्रके शेजारी शेजारी ठेवून विचारले, "मोठा आकडा सुनबाईचा हाय, मंग मोठेपणा तुह्याकडं कसा काय आला?" मित्रमंडळाने स्टँडवर लावलेल्या बॅनरकडे बोट दाखवून अर्जदाराने विषय टाळला. त्या बॅनरवर अर्जदाराचा काळ्या कोटातला फोटो आहे. कोट भाड्याचा होता.

६. आता गैरहजेरीबाबत. दि. १४ मे २०२४ रोजी सकाळी अर्जदाराची आई आसराबाई गोठ्यात घसरून पडली व तिचा खुबा मोडला. दोघांच्या पेपरसाठी ठरवलेल्या जीपमध्येच तिला घातले. वाटभर पत्नीने सासूचा पाय मांडीवर धरून अर्जदाराकडून कबुलीजबाब, मृत्युपूर्व जबानी आणि पुराव्याचा भार ही प्रकरणे म्हणून घेतली. जालन्यात जीप आधी रुग्णालयापाशी थांबली. अर्जदाराने उतरण्यासाठी एक पाय बाहेर काढला होता, हे तो शपथेवर सांगू शकतो. पूर्ण उतरली ती पत्नी. ती एवढेच म्हणाली, "तुमी जा जल्दी. तुमचा एक डाव हुकला तं तुमी पुन्हा बसणार न्हाईत." अर्जदाराने बाहेर काढलेला पाय आत घेतला. त्या पेपरात त्याला ७१ गुण मिळाले. तीस पेपरांत तेच त्याचे सर्वाधिक.

७. पत्नीस पुढे एल.एल.एम. करून कायदा शिकवायचा आहे. ज्या महाविद्यालयात ती जाऊन येऊन शिकू शकेल तिथे प्रथम श्रेणीची अट असून अर्जाची मुदत ३० ऑगस्टपर्यंत आहे. अर्जदारास पुढे शिकायचे नाही, तरी तो पात्र आहे.

८. आपले वाढीव गुण परत घ्यावेत, हे अर्जदाराचे म्हणणे खिडकी क्र. ४ वरील कर्मचाऱ्याने सहानुभूतीने ऐकून सांगितले, "गुण वाढवून मागायचा फॉर्म हाय. कमी करून घ्यायचा न्हाई. तसं कोणी आल्तंच न्हाई आजपर्यंत." तेव्हा अर्जदारास आपला जुना धंदा आठवला. नवऱ्याने तहसीलला अर्ज केला की जमिनीच्या उताऱ्यावर बायकोचे नाव लागते. असे कितीतरी अर्ज त्याने स्वतः लिहिले आहेत. जमीन नावावर करता येते तर श्रेणी का नाही, या विचाराने त्याने वरील विषय लिहिला आणि रीतसर हितसंबंधितांस, म्हणजे स्वयंपाकघरात, नोटीस बजावली.

९. पत्नीने नोटीस उभ्या उभ्या वाचून तोंडी हरकत घेतली, ती जशीच्या तशी नोंदवत आहे : "मला तुमचा क्लास कशाला पायजे? माझा मला द्या म्हणावं." अर्जदार उदार होऊन आला होता. दान देण्यासारखे आपल्याकडे काही नाही, हे त्याला तिथे समजले. त्या रात्री त्याला भाकरी गोड लागली नाही.

१०. सबब विषयातील मागणी अर्जदार मागे घेत आहे. कागद वाया जाऊ नये म्हणून विषय तसाच ठेवला आहे. आता विनंती एवढीच की, अर्जदाराचे सात वाढीव गुण परत घ्यावेत आणि दि. १४ मे २०२४ चा 'गैरहजर' हा शेरा पत्नीच्या नावापुढून काढून अर्जदाराच्या नावापुढे लिहावा. त्या दिवशी पडलेली आई अर्जदाराची होती. तिच्याजवळ हजर राहणे हे त्याचे काम होते आणि तो हजर नव्हता. पत्नीने ती हजेरी त्याच्या वतीने दिली असून तिला त्याची शिक्षा होऊ नये. अर्जदार पुराव्याचा पेपर पुन्हा देईल. त्याला शिकवायला पत्नी तयार आहे किंवा कसे, हे अद्याप समजलेले नाही.

निर्णय ३० ऑगस्टपूर्वी व्हावा, ही कळकळीची विनंती.

आपला नम्र, श्रेणीचा तात्पुरता कब्जेदार,

(सही)
परमेश्वर मल्हारी पांढरे
टेंभुर्णी, दि. ११ ऑगस्ट २०२५

सोबत :
१) दोघांच्या सहाही सत्रांच्या गुणपत्रिकांच्या प्रती.
२) अर्जदाराने चार पद्धतींनी केलेली बेरीज (पत्नीने तपासून दोन ठिकाणी दुरुस्त केलेली).
३) आसराबाई पांढरे यांचे रुग्णालयाचे डिस्चार्ज कार्ड. त्यात 'सोबतचे नातेवाईक' या रकान्यात आईने सांगितल्यावरून 'प्रेमला – मुलगी' असे लिहिले गेले आहे. ही नोंद दुरुस्त करावी, अशी अर्जदाराची मागणी नाही.