सभासदाने गाडीपाशी थांबावे

तीर्थरूप मार्व्हलताई हिला धाकट्या आर्लेनचा, फार्गोच्या इस्पितळाच्या उपाहारगृहातून, मनापासून नमस्कार. (इस्पितळ हा शब्द वाचून लगेच शेवटचं पान उलटू नकोस. तुझी ती खोड मला लहानपणापासून ठाऊक आहे. क्रमाने वाच.) तुझा गुडघा आता कसा आहे? तिकडे अॅरिझोनात लोक जानेवारीत अर्ध्या बाह्यांचे शर्ट घालून फिरतात असं तू लिहितेस, ते मी इथे कोणाला सांगत नाही, कारण कोणी विश्वास ठेवत नाही आणि ठेवला तर राग धरतात. इकडे गारठा आहे. म्हणजे नाकातले केस ताठ होतात तेवढा.

तू नाताळात विचारलं होतंस की, दरवर्षी मी तुम्हाला त्या, रस्त्यात गाडी बंद पडली की मदतीला येणाऱ्या कंपनीचं साधं सभासदत्व भेट देते, ते यंदा वाढवून प्रीमियम घेऊ का, जवळजवळ दुप्पट पडतं, तेवढं त्यात आहे का? याचं उत्तर मी एका ओळीत देऊ शकलो असतो. पण मंगळवारी जे झालं त्यानंतर एका ओळीत मावत नाही. फोन करणार होतो, पण आपल्या घरात फोनवर फक्त मरण आणि गारपीट कळवतात. बरं-वाईट मिसळलेलं असलं की पत्र.

तर आधी मुख्य गोष्ट. तुझी भावजय आर्डिस हिच्या हृदयाची एक झडप गेली काही महिने नीट उघडत नव्हती. तुला कळवलं नाही, कारण तिने शपथ घातली होती. (तिचं म्हणणं, मार्व्हलला कळलं की ती विमानात बसून येईल आणि माझी कपाटं आवरेल.) मंगळवारी दुपारी इथे शस्त्रक्रिया ठरली होती. सकाळी अकराच्या आत हजर व्हायचं, नाही आलात तर जागा पुढच्याला जाईल, आणि पुढची तारीख थेट ईस्टरनंतर. डॉक्टर हे सगळं फार शांतपणे म्हणाले. मी विचारलं, ईस्टरपर्यंत थांबलं तर चालेल ना? ते म्हणाले, शक्यतो थांबू नये. आपल्याकडे ‘शक्यतो’ म्हटलं की माणसं आधी दफनभूमीतली जागा बघून येतात. तेव्हा मी सगळी तयारी केली. गाडी रात्रभर विजेला जोडून इंजिन ऊबदार ठेवलं, टाकी भरली, मागे ब्लँकेटं, फावडं, चॉकलेटं, आणि बर्फात अडकलो तर उबेला कॉफीच्या डब्यात मेणबत्ती, आई ठेवायची तशी. तू दिलेलं सभासदत्वाचं कार्ड खिशात. अंधारातच निघालो, भरपूर वेळ हाताशी ठेवून.

नॉर्बी गाव सोडल्यावर त्या सरळ रस्त्याला, जिथे दोन्ही बाजूंना बीटाची शेतं आहेत आणि बर्फ आडवा वाहतो, तिथे बॉनेटखाली काहीतरी सटकल्यासारखा आवाज झाला. पुढच्या काचेपाशी लाल दिवा लागला. बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरचा पट्टा तुटला होता. थोडं अंतर गाडी बॅटरीच्या जिवावर गेली, मग हीटर गेला, मग दिवे, मग आम्ही. मी कडेला घेतली. आर्डिस म्हणाली, "काय झालं?" मी म्हटलं, "काही विशेष नाही." ती म्हणाली, "बरं." लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर या तीन वाक्यांत सगळं भांडण येऊन जातं.

मी मेणबत्ती काढली. डब्यात काड्यापेटी नव्हती. (काड्यापेटी गोठलेल्या तळ्यावरच्या मासेमारीच्या खोपटात होती. ती तिथे कशी गेली हे आर्डिसने विचारलं नाही, म्हणून मीही सांगितलं नाही.) गाडीतला सिगारेट पेटवायचा लायटर आठवला, तो दाबला, आणि मग आठवलं की बॅटरीच मेलीय. मग मी कार्ड काढलं आणि कंपनीला फोन लावला. ताई, ती पोरगी बोलायला फार गोड होती. तिने सगळ्यात आधी विचारलं, सर, आपण सुरक्षित जागी आहात का? मी म्हटलं, हो, आम्ही ठीक आहोत. हे मी का म्हटलं मला माहीत नाही. आपल्या तोंडून दुसरं काही निघतच नाही. तिने लगेच ‘ग्राहक ठीक आहे’ असं लिहून घेतलं असणार. मग विचारलं, जवळचा चौक कोणता? मी म्हटलं, चौक नाही. जवळची इमारत? म्हटलं, धान्याचं एक कोठार आहे, पण ते एकोणीसशे सत्तरच्या वादळापासून नाही. ती म्हणाली, वादळामुळे खूप फोन आहेत सर, प्रीमियम सभासद आधी, मग तुमचा नंबर लागेल. आणि तुमच्या कार्डावर गाडी पाच मैलांपर्यंतच ओढून मिळेल. मी विचारलं, आत्ताच्या आत्ता प्रीमियम घेतलं तर? अवश्य घ्या, म्हणाली, ते आठवड्याने लागू होईल. शेवटी बजावलं की ट्रक येईल तेव्हा सभासदाने कार्डासह गाडीपाशी हजर असावं, नाहीतर ट्रक परत जाईल. आणि आपला दिवस छान जावो.

मग आम्ही वाट बघत बसलो. फोन मी काखेत धरला होता, कारण गारठ्यात त्याचा जीव झरझर उतरत होता. काचांवर आतून बर्फ धरायला लागला. आर्डिस ब्लँकेटांत होती, फक्त तोंड दिसत होतं. मी तिला दर थोड्या वेळाने विचारायचो, ठीक ना? ती म्हणायची, ठीक. पण दोन शब्दांमध्ये ती श्वास घ्यायला थांबायला लागली होती, आणि तिच्या ओठांचा रंग मला आवडत नव्हता. मी फार घाबरलो होतो, ताई. हे मी तिला बोललो नाही. रेडिओ लावायला हात पुढे केला, तोही बंद.

आता तू इतकी वर्षं तिकडे राहून विसरली असशील म्हणून आठवण करून देतो. (तिकडे म्हणे लोक पहिल्यांदा विचारलं की लगेच हो म्हणतात.) आपल्याकडे कोणी काही देऊ केलं की पहिल्यांदा नाही म्हणायचं, दुसऱ्यांदा कशाला उगाच त्रास म्हणायचं, आणि तिसऱ्यांदा विचारलं की, बरं, तुमचा फारच आग्रह असेल तर, असं म्हणून घ्यायचं. केकचा शेवटचा तुकडा असो की ट्रॅक्टर. या पद्धतीवर हा सगळा जिल्हा उभा आहे. पण पद्धत बसवली ती स्वयंपाकघरात, जिथे शेगडी पेटलेली असते. वाऱ्यात काच बोटभर खाली करून कोणी तीनदा विचारत नाही, हे त्या दिवशी माझ्या ध्यानात आलं, पण उशिरा.

पहिला आला दुधाचा टँकरवाला गॉर्डी. "काय आर्लेन, मदत हवी?" म्हटलं, छे छे, कंपनीचा ट्रक निघालाय. "नक्की?" म्हटलं, अरे नक्की, कशाला तुला उगाच. गॉर्डीने जरा वाट पाहिली (मीही पाहिली), मग त्याचं दूध गोठत होतं म्हणून तो गेला. दुसऱ्या आल्या चर्चचं स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या लिंडक्विस्टकाकू. त्यांनीही दोनदा विचारलं. मी खिशातलं कार्ड काढून काचेला लावून दाखवलं. त्या म्हणाल्या, "अगंबाई, कार्ड आहे होय!" आणि निघून गेल्या. कार्ड नसतं तर मी दुसऱ्यांदा जरा कमी जोराने नाही म्हटलं असतं, हे मी तुझ्या प्रश्नाच्या संदर्भात मुद्दाम नमूद करतो. आर्डिसने ब्लँकेटाखाली आपली इस्पितळाची पिशवी मांडीवर घेतली.

तिसरा आला व्हर्नर हाउगेन. त्याची माझी बोलचाल बंद आहे हे तुला माहीत आहे. (म्हणजे आम्ही फक्त हवामानावर बोलतो.) माझं बर्फाला भोक पाडायचं यंत्र त्याने उसनं नेलं आणि पातं बोथट करून परत दिलं, त्याला बरीच वर्षं झाली. मी काही म्हटलं नाही, तोही काही म्हणाला नाही, आणि भांडण पक्कं झालं. त्याने पिकअप थांबवली. शेजारच्या सीटवर कुत्रा. मागे मासेमारीचं सामान, कारण त्या दिवशी तळ्यावर वार्षिक स्पर्धा होती, आणि गेल्या साली व्हर्नर थोडक्यात हरला होता. पिकअपचं तोंड आमच्या उलट दिशेला.

"गारठा आहे," व्हर्नर म्हणाला.

"आहे," मी म्हटलं.

"वारा सुटलाय."

"सुटलाय खरा."

"मदत हवी का?"

मी म्हटलं, छे छे, ट्रक... आणि तेवढ्यात माझ्या पाठीमागे दार उघडलं. आर्डिस पिशवी घेऊन उतरली, गाडीला हात टेकत टेकत पुढून वळसा घालून आली, व्हर्नरच्या खिडकीशी उभी राहिली आणि म्हणाली, "हवी."

पहिल्याच विचारण्याला. ताई, मी असं या जिल्ह्यात पूर्वी कधी ऐकलेलं नाही. व्हर्नरला तर काय करावं तेच सुचेना. त्याचं पुढचं वाक्य दुसऱ्यांदा विचारायचं होतं, ते त्याच्या तोंडात तसंच राहिलं. मग त्याने कुत्र्याला मागच्या सीटवर ढकललं, खाली उतरला, तिला धरून आत बसवलं, आणि त्या निसरड्या रस्त्यावर तळ्याकडे तोंड असलेली पिकअप फार्गोकडे वळवली. आर्डिसने काच खाली केली. "चल आर्लेन. जागा आहे." आणि मी म्हटलं, अगं पण सभासदाने गाडीपाशी थांबावं असा नियम आहे. ती माझ्याकडे बघत राहिली. मग काच वर गेली. खरं सांगू? नियम होता तो होताच, पण फार्गोपर्यंत व्हर्नरच्या शेजारी बसून मला त्याचे आभार मानावे लागले असते, आणि ते कसे मानतात ते मला येत नाही. पिकअप बर्फात दिसेनाशी झाली आणि मला एकदम कळलं की मी एका मेलेल्या ब्यूक गाडीची सोबत करतोय आणि माझी बायको आपलं हृदय घेऊन दुसऱ्याच्या गाडीतून गेलीय. त्या ओसाड रस्त्यावर मी मोठ्याने ओरडलो, "हो! येतो!" ऐकायला फक्त बीटाची शेतं होती.

ट्रक दुपार उलटल्यावर आला. ड्रायव्हरने कार्ड पाहिलं, पाच मैल मोजले आणि गाडी नॉर्बीच्या बंद असलेल्या पेट्रोलपंपावर सोडली. म्हणजे फार्गोच्या उलट बाजूला. फोन काखेत मेलेला. ती पोचली की नाही, वेळेत पोचली की नाही, डॉक्टरांनी घेतलं की ईस्टरनंतर या म्हणाले, काही कळायला मार्ग नाही. संध्याकाळी आमच्या पाद्रीबाई तिथून जात होत्या. त्यांनी विचारलं, सोडू का? मी दोनदा नाही म्हटलं. त्यांनी तिसऱ्यांदा विचारलं. (त्यांचं ते कामच आहे.) मी वाक्य पूर्ण व्हायच्या आत आत बसलो. वाटेत त्या माझ्यासाठी प्रार्थना म्हणत होत्या आणि मी मनात म्हणत होतो, बाई, डोळे उघडे ठेवून म्हणा, रस्ता निसरडा आहे.

इस्पितळाच्या त्या मजल्यावरच्या लांब बोळात एकच माणूस बसलेला होता. व्हर्नर. मांडीवर आर्डिसची पिशवी, दोन्ही हातांनी धरलेली, कोणी हिसकावून नेईल अशी. सकाळपासून तो हलला नव्हता, फक्त अधूनमधून खाली जाऊन कुत्र्याला फिरवून आणत होता. स्पर्धा कधीच संपली होती. मी त्याच्यासमोर जाऊन उभा राहिलो. तो म्हणाला, "वेळेत पोचलो. झडप बसवलीय. शुद्धीवर येतेय म्हणाले." मग जरा थांबून, "वारा पडलाय आता." मी म्हटलं, "पडलाय." आणि मी भिंतीकडे तोंड करून नाक पुसलं, बराच वेळ.

आर्डिस छान आहे. ओठांचा रंग पुन्हा जसा हवा तसा आहे, आणि काल तिने जेलीची चव पाहून स्वयंपाक्याचं नाव विचारलं, म्हणजे बरी होतेय. आता तुझा प्रश्न. प्रीमियमवाल्यांचा नंबर आधी लागतो आणि त्यांना शंभर मैल ओढून नेतात, म्हणजे आम्ही ट्रकमध्ये बसून थेट फार्गोला आलो असतो, हे खरं. पण त्या वादळात तो ट्रकसुद्धा अकराच्या आत आला असता का, हे ती गोड पोरगीही सांगू शकली नाही. मी सगळ्या बाजूंनी विचार करून या निर्णयाला आलोय की तेवढं त्यात नाही. यंदा काहीच घेऊ नकोस. काड्यापेट्या पाठव.

तुझा,
आर्लेन

ता. क. आर्डिसला पुढच्या गुरुवारी घरी सोडणार आहेत आणि ब्यूक अजून दुरुस्तीला आहे. व्हर्नरने निघताना विचारलं, गुरुवारी न्यायला येऊ का? मी नाही म्हटलं. त्याने पुन्हा विचारलं. मी म्हटलं, कशाला उगाच त्रास. मग त्याने टोपी घातली आणि गेला. मी लिफ्टपर्यंत त्याच्यामागे गेलो, पण त्याने तिसऱ्यांदा विचारलं नाही. ताई, शाळेच्या नाचाला तू त्याच्याबरोबर गेली होतीस, तुझं तो ऐकेल. त्याला फोन करून सांग की अजून एकदा विचार. मी सांगितलं असं सांगू नकोस.

ता. ता. क. प्रीमियमचंही तू पुन्हा विचारून बघ. मी दोनदाच नाही म्हटलंय.

मार्व्हल, मी आर्डिस. हा कॉफी आणायला गेलाय आणि पत्र माझ्या उशाशी ठेवून गेलाय, म्हणून लिहिते. व्हर्नरला फोन करायची गरज नाही. त्याने मलाही विचारलं होतं, एकदाच. तो गुरुवारी नऊला येतोय. प्रीमियम खुशाल घे, पैसे वसूल होतात, फक्त एकट्या आर्लेनच्या नावावर घे. सभासदाला गाडीपाशी थांबावं लागतं आणि मला पुढे जायचं असतं. पण गुरुवारी आर्लेनही माझ्याबरोबर येईल. पुढे, व्हर्नरच्या शेजारी. कुत्रा आणि मी मागे बसू. मी त्याला विचारणार नाहीये.