शेवटच्या एसटीचं गाणं

वडवणी. भाऊबीज, दिवेलागणीची वेळ.

हे गाणं लोकांना एवढं कशाला लागतं, दिवसभर डोक्यात तेच. दिवाळीत दुकानात लावलं नाही तर साड्या बघायला आलेल्या बायका मागून घेतात. ठेका असा की पोरी जागच्या जागी नाचतात. आणि गोष्ट काय, तर बहीण स्टँडवर भावाची वाट बघतेय. शेवटची एसटी येते, दार उघडतं आणि तिथंच गाणं संपतं. भाऊ उतरला का नाही? पंधरा वर्षं ऐकतोय, कळलं नाही.

शेजारचे फळवाले सलीमभाई म्हणाले, "तेच तर हाय. उतरला म्हणून सांगितलं असतं, तर लोकांनी एकदाच ऐकलं असतं. दार उघडलं की हरेकाला आपलाच माणूस दिसतो."

मग आष्टीहून सुमनचा, माझ्या धाकट्या बहिणीचा फोन. सलग तिसरं वर्ष मी गेलो नाही. सणाचं गिऱ्हाईक सोडवत नाही, दुसरं काय! तोंडातून निघून गेलं, "निघालो होतो गं, मांजरसुंब्याला गाडी बंद पडली." मागं स्पीकरवर गाणं चालूच. बंद करायचंही सुचलं नाही, गाढवासारखं.

ती ऐकत असावी. एसटी आली, दार उघडलं, गाणं संपलं.

"तिथं बी हेच लावलंय व्हय, दादा? बरं. चंद्र मावळायच्या आत त्यालाच ओवाळून घेते."